धुऱ्यावरच्या दहा ओळी

चिंचखेडच्या बनाबाईने आयुष्यात कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. चिंतलं होतं, पण संध्याकाळपर्यंत विसरली होती. दोन हजार सोळाच्या दिवाळीनंतर मात्र तिने एका माणसाचं वाईट चिंतलं, आणि ते ती रोज सकाळी उठल्याबरोबर नव्याने चिंतत होती.

तो माणूस म्हणजे महादेवराव. बनाबाईचं वावर दोन एकर, त्याला लागून उगवतीला महादेवरावाचं बारा एकर. मध्ये हातभर रुंदीचा धुरा, म्हणजे बांध. बनाबाईचा नवरा मलकापूरला जिनिंगमध्ये कामाला, वेचणी सुरू झाली की होळीपर्यंत तिकडेच. घरी बनाबाई आणि मुलगी अपेक्षा. आपला वेचा उरकला की शेजारच्या वावरात वेचायला जायचं, ही त्या भागातली रीत. तशी त्या दिवशीही ती गेली होती. शाळेला सुटी होती म्हणून दहावीतली अपेक्षाही सोबत आली. कापसाच्या काड्यांनी अंग खरचटू नये म्हणून पोरीने कपड्यांवरून बापाचा जुना फुलबाहीचा सदरा घातला होता.

संध्याकाळी महादेवरावाला वाटलं, गंजीतला कापूस कमी झाला. वाटलं एवढंच. चौदा बाया आणि चार गडी धुऱ्यावर उभे होते. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती या दोघी मायलेकींवर आणून ठेवली.

"तुमचं वावर लागून आहे, बनाबाई. इकडचं तिकडं जाले काय टाइम लागते? झटका ओट्या."

बनाबाईने ओटी झटकली. मग तो पोरीकडे वळला. "तुह्या सदऱ्याचे खिसे पाहू. उलटे कर."

अपेक्षाने खिसे उलटे केले. एकातून बोराची बी पडली. दुसऱ्यातून एक कागदाची चिठ्ठी पडली, तिच्यावर गणिताची सूत्रं लिहिली होती. वेचता वेचता ती पाठ करत होती. कोणीतरी फिस्सकन हसलं. महादेवरावाने चिठ्ठी पायाने जराशी सरकवली, वाचल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बरं, जा."

काही सापडलं नाही, हे त्याने म्हटलं नाही. चूक झाली, हेही नाही. नुसतं "बरं, जा". गावाला तेवढं पुरलं. दोन दिवसांत हापशीवर बोललं जाऊ लागलं की सापडलं होतं, पण महादेवरावाने पोरीजातीकडे पाहून झाकून नेलं. मोठ्या मनाचा माणूस!

सुटी संपली तेव्हा अपेक्षा शाळेत गेली नाही. आधी पोट दुखतं म्हणाली, मग डोकं, मग काहीच म्हणेना. मार्चमध्ये गावातल्या पाच पोरी टमटममध्ये बसून संग्रामपूरला दहावीच्या पेपरला गेल्या, तेव्हा ती घरात तुरीची डाळ निवडत बसली होती. टमटमचा आवाज लांब जाईपर्यंत तिचा हात ताटात तसाच थांबून होता. बनाबाईने ते पाहिलं. आई असलेल्या बाईला असं काही पाहिल्यावर झोप कशी लागते, ते तिलाच ठाऊक. तिला लागत नव्हती.

"एकदा त्याच्या घरी जाऊन विचारू का?" तिने अपेक्षाला विचारलं होतं.

"नको. तो घरात म्हणीन 'नाही सापडलं'. मले घरात नको. जिथं खिसे उलटे केले, तिथं म्हणाव."

बनाबाई गेली नाही. तो धुऱ्यावर येऊन असं काही बोलेल, हे तिला शक्य दिसेना. मग दुसरं काय उरतं? उट्टं.

तिला वाट सापडली ती जूनमध्ये, बियाण्याच्या थैलीत. बीटी कपाशीच्या थैलीत त्या काळी आणखी एक बारकी पुडी यायची. साध्या सरकीची, बीटी नसलेली. मोठ्या थैलीतल्या झाडाच्या अंगातच अळीसाठी विष, बारक्या पुडीतलं झाड मात्र बिनविषाचं. कागदावर लिहिलेलं असायचं की ही सरकी वावराच्या कडेने लावा. कडेने कोणीच लावत नव्हतं. "अळ्यांसाठी शेत करू का?" म्हणून कोणी पुडी गोठ्यात फेकायचे, कोणी कोंबड्यांना टाकायचे, आणि जी मंडळी काटकसरी होती ती उगवण न झालेल्या जागी, म्हणजे नांग्या भरायला, तीच सरकी वापरायची. बनाबाईही इतकी वर्षं नांग्याच भरत आली होती. त्या झाडांना अळी पहिली लागते, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या दिवशी पुडी हातात धरून ती धुऱ्याकडे बघत राहिली. तिचं वावर मावळतीला, महादेवरावाचं उगवतीला. पावसाळाभर वारा मावळतीकडून वाहतो. अळीचे पतंग वाऱ्याबरोबर जाणार. कुठे जाणार?

पुढचे चार दिवस ती घरोघर फिरली. "तुमची ती बारकी पुडी फेकू नका, मले द्या."

"काय करतं वो तिचं?" अंबूबाईने विचारलं. ही तिच्याबरोबर वेचणीला जाणारी म्हातारी, कोणाचीही भीड न ठेवणारी.

"अळ्या पाळते."

"पाळ बाई. दूध तरी देईन का?"

अठरा पुड्या जमल्या. बनाबाईने धुऱ्याला लागून आपल्या वावरातल्या दहा ओळी रिकाम्या सोडल्या आणि तिथे ती सरकी टोबली, एकेका जागी तीन तीन बिया. निम्म्या उगवल्याच नाहीत. तिने पुन्हा टोबल्या. उरलेल्या वावरात नेहमीप्रमाणे बीटी.

त्या साली बनाबाईने स्वतःच्या पिकापेक्षा त्या दहा ओळींची काळजी जास्त घेतली. निंदण पहिलं तिथे. पाऊस ओढला तेव्हा डोक्यावरून घागरी आणून पाणी तिथेच. फवारणीचा पंप पाठीवर असला की दहा ओळींपासून चार हात लांबून वळायची. ऑगस्टच्या शेवटी फुलं गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली दिसू लागली. डोमकळी. गुलाबी बोंडअळी आत शिरल्याची ती खूण. दुसऱ्या कोणी ती पाहून कपाळाला हात लावला असता. बनाबाईने एक डोमकळी उकलली, आतली बारीक अळी तळहातावर घेतली आणि म्हणाली, "खा माय. पोटभर खा. मोठी झाली की तिकडं जा. बारा एकर आहे तिकडं."

अपेक्षा बांधावर बसून पाहत होती. दहा महिन्यांत पहिल्यांदा ती हसली. मग लगेच गप्प झाली. "आई, तू येडी झाली का? आपलंही वावर आहे ना इकडं."

"आपलं जाऊ दे."

"काऊन जाऊ दे? आपण काय खाऊ?"

सूड घ्यायला निघालेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये, तो फक्त दात-ओठ खातो. तिनेही तेच केलं आणि पुढच्या ओळीत गेली.

ऑक्टोबरच्या शेवटी गावात हाहाकार उडाला. त्या साली बीटीनेही दगा दिला, बनाबाईच्या वावरातल्याही. बोंडं बाहेरून हिरवीगार, टच्च. फोडलं की आत गुलाबी अळी आणि किडलेली सरकी. कापूस उमललाच तर कवडी, पिवळा पडलेला, हाताला चिकटणारा. लोक उभ्या पिकात ट्रॅक्टर घालू लागले. बनाबाईला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली एक गोड कळ होती. एका सकाळी ती मुद्दाम धुरा ओलांडून महादेवरावाच्या वावरात शिरली. तिला त्याची कवडी बघायची होती, डोळे भरून.

धुऱ्यालगतच्या ओळी पांढऱ्याशुभ्र उमलल्या होत्या.

तिने एक बोंड फोडलं. स्वच्छ. दुसरं, तिसरं. स्वच्छ. ती तशीच आत चालत गेली. जवळजवळ निम्म्या वावरापर्यंत कापूस चांगला होता. पलीकडे, रस्त्याच्या बाजूला, सगळ्या गावासारखंच किडलेलं. आणि तिच्या दहा ओळी? त्यांचं तर चिपाड झालं होतं. अळ्यांनी खाल्लं तिचं आणि उमललं त्याचं!

बनाबाईने त्याच्या ओळीतलं एक झाड मुळासकट उपटलं. मग दुसरं. मग भानावर येऊन दोन्ही तिथेच टाकून घरी आली. पारावर महादेवराव सांगत होता, "चार फवारे टाइमावर मारले मी. शेती डोक्यानं करा लागते बे." हे कानावर आलं तेव्हा तिने समोरचं ताट बाजूला सारलं.

त्याच आठवड्यात कृषी सहायक बिलकिस मॅडम पाहणीला आल्या. पंचविशीची मुलगी, स्कूटीवर यायची, चपला हातात घेऊन चिखलात उतरायची. महादेवरावाच्या वावरातून तिने चार ठिकाणची वीस-वीस बोंडं तोडली आणि धुऱ्यावर बसून चाकूने फोडली. रस्त्याच्या बाजूच्या विसांत चौदा किडकी. धुऱ्याजवळच्या विसांत तीन. तिने पुन्हा मोजली. मग मान वर करून बनाबाईच्या उजाड दहा ओळींकडे पाहिलं.

"मावशी, ही बारक्या पुडीची सरकी आहे का?"

"हाव."

"फवारा मारला नाही?"

"नाही मारला."

"सगळ्या तालुक्यात मी एवढं नीट केलेलं कोणाचं पाहिलं नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?"

बनाबाईला खोटं बोलता आलं असतं. पण राग पोटात मावत नव्हता. "कोणी नाही सांगितलं. मी अळ्या पाळल्या, मॅडम. याचं वावर खायले पाठवल्या. कुठं गेल्या त्या मुर्दाड? याच्याच बाजूनं झाल्या!"

बिलकिस मॅडमने चाकू खाली ठेवला. आधी तिला हसू आलं, मग बाईचा चेहरा पाहून तिने ते आवरलं.

"गेल्या, मावशी. तुमच्या अळ्यांचे पतंग झाले आणि इकडेच आले. पण ऐका. बीटीचं विष पचवणारी अळी आधी हजारात एखादीच असायची. बाकीच्या मरायच्या, ती जगायची. गावभर सगळीकडे बीटीच. मग जगलेलीचं लग्न जगलेल्याशीच. विष पचवायची ताकद आई आणि बाप दोघांकडून मिळाली तरच पोर जगते, आणि इथं दोघंही तसलेच. पंधरा वर्षांत गावभर त्यांचाच वंश झाला."

"मग?"

"मग तुमच्या ओळीत लेच्यापेच्या अळ्या वाढल्या. त्यांना विष माहीतच नाही. त्यांचे पतंग इकडे येऊन या कडक पतंगांशी जुळले. त्यांना जी पोरं झाली, त्यांच्यात ताकद एकाच बाजूची. ती बीटीचं बोंड खायला गेली की मेली. म्हणून तर कंपनी ती पुडी देते. नांग्यांत लावायला नाही, कडेने लावायला. एका वावराच्या पाहणीवरून मी छातीठोक सांगणार नाही, पण मला तरी असंच दिसतंय. याचं अर्धं वावर तुम्ही वाचवलं."

ज्याचं वाटोळं करायला डोक्यावरून घागरी वाहिल्या, त्याचीच चाकरी केली! बनाबाईने वाकून धुऱ्यावरची माती मुठीत घेतली आणि फेकली. कुठे फेकली तेही पाहिलं नाही.

रडायला आलं नाही. थोड्या वेळाने तिच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली: जे दिलं, ते काढून घेता येतं.

पुढच्या मे महिन्यात बिलकिस मॅडमने गावात शेतीशाळा घेतली. सगळं समजावून सांगितलं, बनाबाईचं नाव घेऊन सांगितलं. महादेवराव मागच्या रांगेत बसून ऐकत होता. तिसऱ्या दिवशी तो बनाबाईच्या दारात उभा राहिला. दीड वर्षात पहिल्यांदा.

"काय करून राह्यली, बनाबाई?"

"बसली आहे. या."

तो बाजेवर बसला. अपेक्षा आतल्या दाराआड उभी होती, तिची ओढणी दिसत होती.

"म्हटलं, यंदाही त्या दहा ओळी लावशीन ना? मागल्यासारख्याच. धुऱ्याले लागून."

"तुमच्या वावरात लावा ना. तुमच्या थैलीतही पुड्या असतात."

"माह्या वावरात काऊन? दहा ओळी अळ्याईले देऊ का?" तो सहज बोलून गेला. बोलल्यावरही त्याला काही वाटलं नाही. "तू तर लावूनच राह्यली."

बनाबाईने पदर सारखा केला. तिचा आवाज अगदी गोड झाला. आपला आवाज असा होतो, हे तिलाही नवीन होतं. "लावते. पेरणीच्या दिवशी बाया येतीन. तुम्ही धुऱ्यावर या. अन् त्या दिवशी माह्या पोरीच्या खिशात काय सापडलं ते सगळ्याईले सांगा."

"झालं गेलं ते, आता काय..."

"मग ओळीही झाल्या गेल्या."

तो उठला. पाणीही न पिता गेला.

मृग बरसल्यावर पेरणी आली. धुऱ्यावर अंबूबाईसकट अकरा बाया होत्या, त्यांतल्या बहुतेक त्या दिवशीही होत्या. अपेक्षा आली. बापाचा तोच सदरा तिने घातला नव्हता, नवा घेतला होता. महादेवराव आला, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि खाली बघत पुटपुटला, "त्या दिवशीचं ते... तसं काही नव्हतं."

"काय म्हणतं, भाऊ?" अंबूबाई ओरडली. "म्हातारी आहे मी, जोरानं बोल!"

"काही सापडलं नव्हतं!" तो चिडून मोठ्याने म्हणाला. आवाज रस्त्यापर्यंत गेला. "ना मायच्या ओटीत, ना पोरीच्या खिशात. गंजीचा अंदाज माह्याच चुकला होता. झालं?"

"अन् तवा काऊन नाही सांगितलं?" अपेक्षाने विचारलं. तिचा आवाज बारीक होता पण थरथरत नव्हता.

महादेवरावाने तिच्याकडे न पाहता धुऱ्यालगतच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

बनाबाईने सरकीच्या पुड्यांची टोपली उचलली. बाया धुऱ्याकडे वळणार तोच ती म्हणाली, "तिकडं नाही. राबियाच्या धुऱ्याले चला." राबियाचं वावर बनाबाईच्या मावळतीला, दुसऱ्या टोकाला; तिथले पतंग महादेवरावापर्यंत पोचायच्या आधी बनाबाईच्याच कपाशीत उतरणार.

"अगे! तू शब्द दिला होता!"

"हाव, दिला होता. तुम्ही माह्या पोरीचं वर्ष घेतलं. मी तुम्हाले दिलेला एक शब्द बुडवला. जा आता कुठं सांगाचं तिथं सांगा."

"बेइमान बाई आहे ही!" महादेवराव बायांकडे पाहून म्हणाला. बाया टोपलीमागे चालू लागल्या. अंबूबाई पान चघळत राहिली.

चालता चालता अपेक्षा आईला म्हणाली, "हे बरोबर नाही झालं. तो बोलला होता ना."

"नसन झालं."

"आई, खरंच."

"तू बरोबर वाग. मले नको शिकवू." बनाबाई थांबली नाही. पण हा माणूस आता काय करील, रस्त्यात पोरीला अडवील का, कोणाला काय सांगील, अशा दहा शंका तिच्या मनात तिथल्या तिथे उगवल्या. सूड पुरा झाला की बाई मोकळी होते असं तिला वाटलं होतं. झाली नाही. तरी टोपली तिने वळवली नाही.

आठवड्याने महादेवरावाने स्वतःच्या वावरात, स्वतःच्या बाजूने, दहा ओळी सोडल्या. गड्यांनी हसू नये म्हणून स्वतःच वाकून टोबल्या. बनाबाई आपल्या वावरात निंदत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि हळूच नाही, चांगलं त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "ओळ वाकडी जाऊन राह्यली." त्याने वर पाहिलं नाही. ओळ सरळ केली.

जुलैत अपेक्षाने दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. बिलकिस मॅडमने गावच्या वावरांत पतंग धरायचे कामगंध सापळे लावले होते. दर आठवड्याला त्यांतले पतंग मोजून वहीत लिहायचं काम तिने अपेक्षाला दिलं. एक सापळा महादेवरावाच्या वावराच्या मधोमध होता. पोरगी तिकडे निघाली की बनाबाई हातातलं काम टाकून धुऱ्यावर येऊन उभी राही. हातात विळा असे. दुसरं काही नाही, निंदण चाललेलं असे म्हणून.

सप्टेंबरातल्या एका सकाळी अपेक्षा त्या सापळ्याकडे जात असताना महादेवराव त्याच पायवाटेने समोरून आला. पायवाट अरुंद, दोघांपैकी एकालाच जागा. बनाबाईची विळ्यावरची मूठ आवळली. तो थांबला. मग बाजूला सरकून पऱ्हाट्यांत, कपाशीच्या झाडांत उभा राहिला, आणि अपेक्षा पुढे जाऊन सापळ्यातले पतंग मोजू लागली.

"किती आहेत?" त्याने विचारलं.

"सात." तिने वहीत लिहिलं.

"मागल्या टायमाले?"

"अकरा."

अपेक्षा सापळ्याची पिशवी पुन्हा बांधून, वही छातीशी धरून परत फिरली. ती धुरा ओलांडून अलीकडे येईपर्यंत बनाबाई तिथून हलली नाही. आली तेव्हा म्हणाली, "काय म्हणत होता?"

"आकडा विचारत होता."

"नको सांगू त्याले आकडे."

"सगळ्याईले सांगते, आई. कामच आहे ते."

बनाबाईने महादेवरावाकडे एकदा रोखून पाहिलं. तो अजून पऱ्हाट्यांतच उभा होता. मग ती खाली बसली आणि सोडलेली ओळ निंदू लागली.